बोनकोड्यातली इंग्रजी

पहिलीच्या वर्गात इंग्रजी येऊन पंचवीस वर्षं उलटली. जून २००० ची गोष्ट. विलासराव देशमुखांचं सरकार होतं आणि शिक्षणमंत्री होते प्रा. रामकृष्ण मोरे. त्यांनी महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय आणला आणि विरोधाला न जुमानता तो टिकवला. त्याआधी मराठी शाळेतल्या पोराला इंग्रजी भेटायची ती पाचवीत. त्याच्याही आधी, बाळासाहेब खेरांच्या काळात, मुंबई प्रांतात ती पार आठवीपर्यंत मागे सारलेली होती. मोरे सरांची भूमिका सरळ होती: पैसेवाल्यांच्या मुलांना जे तिसऱ्या वर्षी मिळतं, ते गरिबाच्या मुलाला दहाव्या वर्षी का? शिक्षणतज्ज्ञांचं म्हणणंही खोटं नव्हतं. आधी मातृभाषा पक्की होऊ द्या, आणि मुख्य म्हणजे शिकवणार कोण, असं ते विचारत होते. वर्तमानपत्रांतून बरीच वादावादी झाली, मग शाळा सुरू झाल्या आणि 'शिकवणार कोण' हा प्रश्न तसाच बाकावर बसून राहिला.

त्या पहिल्या तुकडीतली मुलं आज तिशी ओलांडून बसली आहेत. आता त्यांचीच मुलं पहिली-दुसरीत आहेत. त्या आईबापांनी दहा वर्षं इंग्रजी हा विषय घेतला, परीक्षा दिल्या, पास झाले. तरी बँकेत साहेबाने इंग्रजीत काही विचारलं की त्यातल्या पुष्कळांचा घसा कोरडा पडतो. म्हणून त्यांनी ठरवलं की आपल्या पोराला इंग्रजी विषय नको, इंग्रजी माध्यमच हवं. मराठी शाळा ओस का पडतात यावर परिसंवाद खूप होतात, पण हे साधं कारण तिथे फारसं कुणी उच्चारत नाही. पहिलीपासून इंग्रजी देऊनही ती आली नाही, हा अनुभव घेतलेली पिढी आता शाळेच्या दाराशी उभी आहे.

नवी मुंबईतलं बोनकोडे हे ही गोष्ट बघायला चांगलं ठिकाण आहे. ठाणे-बेलापूर रस्ता आणि खाडी यांच्या मधल्या पट्ट्यात कोपरखैरणे नोड आहे आणि त्या नोडच्या पोटात हे गाव. राजकारणाच्या बातम्या वाचणाऱ्यांना ते गणेश नाईकांचं गाव म्हणून ठाऊक असतं. मूळ वस्ती आगऱ्यांची. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनी संपादनात गेल्या आणि भाताची खाचरं नि मिठागरं सांभाळणारा माणूस सरकारी कागदावर 'प्रकल्पग्रस्त' झाला. पुढे साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले, गावठाणातली कौलारू घरं जाऊन इमारती आल्या. त्या इतक्या खेटून की खिडकीतून हात बाहेर काढला तर शेजारच्याच्या वाळत घातलेल्या टॉवेलला लागावा. वरचे मजले भाड्याने. भाडेकरूंत उत्तर प्रदेश-बिहारचे, नेपाळचे, मराठवाड्याचे. आजूबाजूच्या सेक्टरांत माथाडींची घरं. ती मंडळी सातारा-सांगलीकडून वाशीच्या बाजारात ओझी उचलायला आलेली.

म्हणजे इथल्या एका वर्गात आगरी बोलणारं पोर 'पानी' आणि 'डोला' म्हणतं, शेजारचं साताऱ्याकडचं, त्याच्या मागचं घरी भोजपुरी बोलतं. बालभारतीच्या पुस्तकातली मराठी यातल्या कुणाच्याच घरात जशीच्या तशी बोलली जात नाही. इंग्रजी ही या मुलांची दुसरी भाषा, असं सरकारी कागद मोजतो. प्रत्यक्षात ती तिसरी किंवा चौथी असते. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासननिर्णय १६ एप्रिलला निघाला आणि २९ जूनला तो मागे घेतला गेला, त्या मधल्या काळात राज्यभर रान उठलं. ते योग्यच होतं. फक्त त्या गदारोळात एवढं कुणी विचारलं नाही की पहिलीतली जी दुसरी भाषा पंचवीस वर्षं चालू आहे, तिचं काय झालं?

इंग्रजी इथे कुणालाही पटवून द्यावी लागत नाही. रस्ता ओलांडला की महापे, तिथे मिलेनियम बिझनेस पार्क, कॉल सेंटरच्या गाड्या, गळ्यात पट्टे अडकवलेली पोरंपोरी. घणसोलीला, रिक्षाच्या अंतरावर, रिलायन्स कॉर्पोरेट पार्क आहे. जिओचा कारभार तिथून चालतो. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झालं आणि बघता बघता देशात डेटा पाण्याच्या भावाने मिळू लागला. तारीख शिक्षक दिनाची निघाली हा योगायोग. पुढच्याच वर्षी त्याच तारखेला केंद्र सरकारचं 'दीक्षा' सुरू झालं. पुस्तकातला क्यूआर कोड मोबाइलने टिपायचा की धड्याचा व्हिडिओ उघडतो. या कोडची सुरुवात आपल्याकडची. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला कोड जोडून दाखवले, राज्याने ते उचलले, मग देशाने. २०२० मध्ये डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी इतर अंतिम स्पर्धकांना वाटून टाकली. बक्षिसाची बातमी सगळ्यांनी वाचली. तो कोड शिक्षकाच्या हातातला होता आणि कधी उघडायचा, कशासाठी, हे तो शिक्षक ठरवत होता, ही गोष्ट मात्र नंतर बाजूला पडली.

आता बोनकोड्यातल्या कुठल्याही पाच-सहा वर्षांच्या पोराला गाठा. वर्षाच्या आतच त्याच्यासमोर फोन धरलेला आहे, कारण आईला पोळ्या लाटायच्या होत्या आणि खोली एकच. चेन्नईच्या चूचू टीव्हीपासून अमेरिकेच्या कोकोमेलनपर्यंत सगळं त्याने पाहिलंय. रंग येतात, आकडे वीसपर्यंत येतात, प्राण्यांची नावं येतात, आणि तीही अशा उच्चारात की ऐकणाऱ्या आजीचं ऊर भरून यावं. आता त्याला विचारा, 'व्हॉट कलर इज युवर बॅग?' बॅग त्याच्या पाठीवर आहे. लाल आहे. 'रेड' त्याला येतं. पोर तुमच्या तोंडाकडे बघत राहतं. या प्रश्नाचं उत्तर आपण द्यायचं असतं, हेच त्याला कुणी शिकवलेलं नाही. पडद्यावरचं माणूस प्रश्न विचारतं, दोन सेकंद थांबतं आणि उत्तर काहीही आलं, न आलं, तरी 'व्हेरी गुड' म्हणून पुढे जातं.

यावर एक सुंदर प्रयोग झालेला आहे. पॅट्रिशिया कूल या अमेरिकी शास्त्रज्ञ बाईंनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर चिनी बोलणारं माणूस बसलं, खेळणी दाखवली, गोष्टी वाचल्या. अशी बारा सत्रं. दुसऱ्या गटाला तीच माणसं, तेच साहित्य टीव्हीवर दाखवलं. माणसासमोर बसलेली बाळं चिनी ध्वनींमधला बारीक फरक ओळखायला शिकली. टीव्हीसमोरच्या बाळांना काही, म्हणजे काहीच, आलं नाही. २००३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. सहा वर्षांचं मूल हे नऊ महिन्यांचं बाळ नव्हे, ते पडद्यावरून शब्द उचलतं, हे कबूल. पण भाषा उचलायला समोर कुणीतरी लागतं, नजरेला नजर देणारं, चुकलं तर हसून पुन्हा विचारणारं. घरची भाषा आली ती अशीच आली.

शाळेत हे 'कुणीतरी' म्हणजे बाई. नवी मुंबई महापालिका १९९२ साली आली, जिल्हा परिषदेच्या शाळा तिच्याकडे आल्या. मराठी, हिंदी, उर्दू, थोड्या इंग्रजी माध्यमाच्याही. पालकांचा ओढा बघून पालिकेने कोपरखैरणे आणि सीवूड्सला सीबीएसईच्या शाळाही काढल्या. प्रवेशाला झुंबड उडाली. पुढे कोपरखैरण्याच्या शाळेत शिक्षकच पुरेसे नाहीत म्हणून पालकांनी आवाज उठवल्याच्या बातम्या आल्या. बोर्ड बदलला, माध्यम बदललं, इमारत नवी, आणि गाडी पुन्हा तिथेच अडली: शिकवणार कोण?

प्राथमिकच्या बाई सगळेच विषय शिकवतात. त्यांतल्या अनेकजणी स्वतः इंग्रजी पाचवीपासून शिकल्या, व्याकरण आणि भाषांतर करत. तर्खडकरांची भाषांतरपाठमाला घरात असलेल्या पिढ्यांचा वारसा तो. इंग्रजी लिहिता येते, वाचता येते, समजते. बोलायची वेळ आयुष्यात आलेलीच नाही. मग वर्गात काय होतं? 'सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर.' साठ पायांचा वर्ग एका सुरात म्हणतो आणि बाहेरून जाणाऱ्याला वाटतं, वा, इंग्रजी चाललीय. यात बाईंची टिंगल करण्याचा हेतू नाही. जी भाषा आपण कधी बोललो नाही ती तीस मुलांसमोर उभं राहून बोलायची, हे करून बघावं म्हणजे कळतं.

बालभारतीचं पुस्तक तसं वाईट नाही. पहिलीच्या इंग्रजीत लिहिण्यापेक्षा ऐकणं-बोलणं आधी, गाणी, हातवारे, सूचना ऐकून कृती, असा सगळा बेत आहे. मराठी मुलाची खरी अडचण वाचनाला लागल्यावर सुरू होते. बाराखडीत जे चिन्ह तोच आवाज; एकदा 'का' शिकला की तो जन्मभर 'का'च राहतो. इंग्रजीत ए हे अक्षर कॅटमध्ये एक बोलतं, केकमध्ये दुसरं, कारमध्ये तिसरं. सव्वीस अक्षरांवर चाळीसच्या वर आवाजांचा संसार. (इंग्रजीच्या पाहुणचारापायी ॲ आणि ऑ यांना आपण आपल्या वर्णमालेत जागा दिली, बाराखडीची चौदाखडी केली. इंग्रजीने आपल्या 'ळ'साठी अजून काही केलेलं नाही.) हे आवाज ऐकवायला यंत्र उत्तम. बाईंना जो उच्चार स्वतःच्या जिभेवर भरवशाचा वाटत नाही तो पाटी-पेन्सिलीने सुटत नाही, फोनवर सुटतो. डिजिटल फळ्याचं इथलं काम खरं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही.

वाचनाची ॲप्सही आहेत. गूगलने २०१९ मध्ये 'बोलो' आणलं, पुढे त्याचं नाव 'रीड अलाँग' झालं. त्यात दिया नावाची एक चित्रातली मुलगी असते. मूल मोठ्याने वाचतं, दिया ऐकते, अडलेला शब्द म्हणून दाखवते, तारे देते. मराठीतही गोष्टी आहेत. मला यातली एक गोष्ट मनापासून आवडते: दियाला कंटाळा येत नाही. सतराव्यांदा चुकलं तरी तिचा आवाज चढत नाही, आणि वर्गातली कुणी हसत नाही. लाजाळू पोराला हे वरदान आहे. पण दिया वाचून घेते, गप्पा मारत नाही. आता गप्पा मारणारीही यंत्रं आली आहेत, इंग्रजीत विचारा, इंग्रजीत उत्तर. त्यांपैकी चॅटजीपीटीने आपल्या नियमांत वयाची किमान अट तेरा वर्षांची घातली आहे. पहिलीतलं मूल आईच्या खात्यावरून शिरलं तर ते काय बोलतंय आणि समोरून काय येतंय, यावर नजर ठेवायला पुन्हा एक मोठं माणूस लागणारच.

यंत्राच्या भरवशाची आपल्याकडची जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. इथून पनवेलमार्गे कर्जत तालुक्यात जा, तिथे खैराट नावाची धनगरवाडी आहे. २००७ मध्ये 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या जगभर गाजलेल्या मोहिमेचा भारतातला पहिला प्रयोग इथल्या एकशिक्षकी शाळेत झाला. वीस-बावीस मुलं, पहिली ते चौथी एकाच खोलीत, प्रत्येकाला हिरवा-पांढरा लॅपटॉप. पत्रकार आले, फोटो आले. मुलं आनंदाने शिकली याविषयी शंका नाही. पण पुढे त्याच मोहिमेत पेरू देशाने लाखो लॅपटॉप वाटले आणि २०१२ मध्ये त्याचा पद्धतशीर अभ्यास झाला, तेव्हा भाषेत आणि गणितात लॅपटॉप मिळालेली नि न मिळालेली मुलं सारखीच निघाली. वाटप झालं होतं, शिकवणं बदललं नव्हतं.

फलटणची गोष्ट वेगळी. शिक्षण-संशोधक सुगत मित्रांनी १९९९ मध्ये दिल्लीत काळकाजीला भिंतीत संगणक बसवला आणि झोपडपट्टीतली पोरं तो आपापली चालवायला शिकली, हे सर्वांना ठाऊक आहे. २०१३ मध्ये त्यांना टेड पारितोषिक मिळालं, त्यातून सात प्रयोगशाळा निघाल्या आणि त्यांपैकी एक फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत होती. ही संस्था मॅक्सीन बर्नसन यांची. जन्माने अमेरिकी, मराठी भाषेच्या अभ्यासक, अनेक वर्षं फलटणला राहिल्या आणि मुलांनी मराठीतून शिकावं यासाठी आयुष्य घातलं. इंग्रजी जिची मातृभाषा त्या बाईने मराठी माध्यमाची शाळा चालवली, हे मराठी पालकांनी एकदा शांतपणे विचारात घ्यावं. मित्रांच्या कामातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट भिंतीतला संगणक नाही. ती आहे 'ग्रॅनी क्लाउड'. २००९ पासून ब्रिटनमधले आणि इतर देशांतले स्वयंसेवक, त्यांत बरेच निवृत्त शिक्षक आणि आज्या, स्काइपवरून इथल्या मुलांशी बोलू लागले. पुण्याच्या सुनीता कुलकर्णी यांनी हा व्याप सांभाळला. आजीने शिकवायचं नाही, गोष्ट सांगायची, विचारायचं, 'अरे वा, हे कसं केलंस?' म्हणायचं. संगणकाच्या सर्वांत मोठ्या पुरस्कर्त्यालाही शेवटी पडद्यात एक आजी बसवावी लागली!

आणि त्याहून जुनं उदाहरण रेडिओचं आहे. रेडिओवरून शिकवताना मध्येच थांबायचं, मुलांना मोठ्याने उत्तर द्यायला लावायचं, ही पद्धत १९७४ मध्ये निकाराग्वात गणितासाठी निघाली. १९८० च्या दशकात केनियात तिने लहान मुलांना इंग्रजी शिकवली. आपल्याकडे पुण्याच्या 'सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस' या संस्थेने 'वी लर्न इंग्लिश' हा रेडिओ कार्यक्रम मराठी शाळांसाठी याच धर्तीवर केला. त्याची रचना बघण्यासारखी आहे. रेडिओतलं पात्र प्रश्न विचारतं आणि गप्प होतं. वर्गात बाई उभ्या असतात, त्या एका मुलाकडे हात करतात, ते उत्तर देतं, मग सगळा वर्ग. रेडिओ पुन्हा बोलू लागतो. उच्चार रेडिओचा, माणसं वर्गातली. बाईंनाही कळत नकळत रोज थोडी इंग्रजी बोलावी लागते. एक रेडिओ, तीस मुलं, एक शिक्षिका. यात पडदा नव्हता म्हणून मुलं एकमेकांकडे बघत होती. मला विचाराल तर लाखो रुपयांच्या डिजिटल फळ्यावर आज जे चालतं त्यातलं बरंचसं या रेडिओच्या मागे आहे. करोनाच्या काळात सह्याद्री वाहिनीवर लागलेली 'टिलीमिली' मालिका निदान घरातल्या माणसांना सोबत घेऊन कृती करायला सांगत होती. तीही आता विस्मरणात गेली.

आकडे काय म्हणतात तेही पाहू. 'असर' या शैक्षणिक अहवालाच्या ग्रामीण पाहणीत देशातल्या पाचवीच्या मुलांपैकी इंग्रजीतलं साधं वाक्य वाचू शकणारी २०१६ मध्ये २४.७ टक्के होती. २०२२ मध्ये २४.५ टक्के. या सहा वर्षांत जिओ आलं, दीक्षा आलं, घराघरात स्मार्टफोन आला, करोनाची ऑनलाइन शाळाही होऊन गेली. टक्का हलला नाही. २०२४ च्या पाहणीत चौदा ते सोळा वयाच्या मुलांना मागच्या आठवड्यात फोन कशाला वापरला असं विचारलं, तेव्हा अभ्यासासाठी ५७ टक्के आणि समाजमाध्यमांसाठी ७६ टक्के. बोनकोडे शहरात आहे, हे आकडे गावांचे आहेत. म्हणून ते इथे जसेच्या तसे लावू नयेत. पण यंत्र घरात येण्याने आपोआप भाषा येत नाही, एवढं त्यावरून दिसतं.

दरम्यान शाळेत 'डिजिटल युग' म्हणजे काय ते बाईंना विचारा. सरल पोर्टल, यूडायस, आधार जुळवणी, रोज येणाऱ्या लिंका, उपक्रमाचा फोटो दुपारी दोनच्या आत ग्रुपवर. निवडणूक आली की मतदार याद्या. 'आम्हाला शिकवू द्या' ही शिक्षकांची घोषणा विनोद म्हणून आलेली नव्हती. फोनचा सर्वांत जास्त वापर शाळेत कुणी करत असेल तर त्या बाई, आणि त्यातला शिकवण्यासाठीचा हिस्सा सर्वांत लहान.

त्याच फोनचा चांगला उपयोग होऊ शकतो हेही याच राज्यात दिसलं. राज्य सरकार, टाटा ट्रस्ट आणि ब्रिटिश कौन्सिल यांच्या 'तेजस' प्रकल्पात शिक्षकांचे छोटे गट केले. जवळपासच्या शाळांतले शिक्षक ठरावीक दिवशी एकत्र बसायचे, इंग्रजीतून बोलायचे, वर्गात काय करून पाहिलं ते सांगायचे, मधल्या दिवसांत व्हॉट्सॲपवर बोलणं चालू ठेवायचे. चूक झाली तर समोर साहेब नाही, आपल्यासारखीच बाई आहे. भीड इथेच मोडते. ज्या बाई गटात बोलू लागतात त्या वर्गात बोलू लागतात, आणि मग 'व्हॉट कलर इज युवर बॅग' या प्रश्नाला कुणीतरी उत्तराची वाट बघत थांबतं.

म्हणून महापालिकेकडे मागणं एवढंच की पुढच्या अंदाजपत्रकात नव्या फळ्यांच्या आधी शिक्षकांच्या रिकाम्या जागा भराव्यात आणि प्रत्येक प्राथमिक शाळेला आठवड्यातून दोन तास असे द्यावेत की शिक्षकांनी एकमेकांशी इंग्रजीत बोलायचं आणि त्या वेळात कुठलीही लिंक भरायची नाही. आईबापांकडे मागणं असं की पोराच्या हातात फोन द्यायचाच असेल तर नंतर दहा मिनिटं त्याने काय पाहिलं ते विचारा. मराठीत विचारा, आगरीत विचारा, भोजपुरीत विचारा. जे मूल एका भाषेत सांगायला शिकतं ते दुसरीतही सांगू लागतं.

आणि कोपरखैरणे, वाशी, घणसोलीच्या सोसायट्यांत बँकांमधून, विमा कंपन्यांतून, कॉलेजांतून निवृत्त झालेली, बरी इंग्रजी बोलणारी शेकडो मंडळी सकाळी निसर्ग उद्यानात फेऱ्या मारत असतात. त्यांनी जवळच्या पालिका शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटावं, रीतसर परवानगी घ्यावी आणि आठवड्यातून एक तास बाईंच्या सोबतीने पहिलीच्या मुलांशी नुसत्या गप्पा माराव्यात. इंग्लंडातल्या आज्यांना त्यासाठी स्काइप लागलं. तुम्हाला शेअर रिक्षा पुरेल.